टेकूवरची दुकानं

संपादकांचा फोन आला तेव्हा निम्मा जून सरला होता. "यंदाच्या अंकाचा विषय 'आधार'," ते म्हणाले, "फक्त कार्डाबद्दल लिहू नका." मी काळबादेवीतून चाललो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. समोरच्या जुन्या तीनमजली इमारतीच्या पोटात लोखंडी टेकू उभे होते. मी मोजले, सात भरले. त्यातला एक थेट एका दुकानाच्या उंबऱ्यात होता. गिऱ्हाईक त्याला वळसा घालून आत जात होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी संपादकांना म्हटलं, विषय मिळाला.

दुकान वह्यांचं होतं. लांब वह्या, रोजमेळ, खतावण्या, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या. लक्ष्मीपूजनाच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात माल ठेवायला. वरच्या दोन फळ्या रिकाम्या होत्या, तिसरीवर ताडपत्री, आणि गल्ल्याशेजारी एक बादली. तिच्यात थेंब पडत होता.

"टेकू लावला तेव्हा साहेब म्हणाले, तात्पुरता आहे. त्याला आता सहा वर्षं झाली," गल्ल्यावरचे काका म्हणाले. दुकानातली ही तिसरी पिढी. मालक कोण, असं विचारलं तर म्हणाले, "पहिले मालक गेले, मुलं भांडली, आता नऊ वारस आहेत. दोघं अमेरिकेत. भाड्याला मुनीम येतो. त्याला छत दाखवलं की तो चष्मा काढून पुसत बसतो."

पाव भाड्याचा हक्क

राहत्या घराच्या भाडेकरूबद्दल सगळे बोलतात. गाळ्याच्या भाडेकरूबद्दल मात्र 'धंदा करतोय ना, करून घेईल दुरुस्ती' असं म्हणून विषय संपवतात. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला. राहणं, शिक्षण, व्यवसाय, व्यापार किंवा साठवण यांपैकी कशासाठीही दिलेल्या जागेला तो लागू होतो. त्याचं कलम १४ सांगतं की भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल, तर जागा चांगल्या, वापरण्याजोग्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ वाट बघायची आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून. खर्चाचा हिशेब आणि त्याच्या पावत्या भाडेकरूने ठेवल्या, तर तो पुरावा मालकाला बंधनकारक. इतकं वाचून कुणालाही वाटेल की आता अडलं कुठे?

अडतं ते पुढच्या ओळीत. एका वर्षात कापून घ्यायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी गल्ल्यातून कॅल्क्युलेटर काढला. भाडं महिना दोनशे रुपये, म्हणजे वर्षाला चोवीसशे. त्याचा पाव भाग सहाशे. मागचा कुजलेला बीम बदलायचा, तर कंत्राटदाराने त्यांच्या वाट्याला दीड लाख सांगितले होते. त्यांनी भागाकार केला आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पडद्यावर २५० आलं होतं.

"अडीचशे वर्षं," ते म्हणाले. "तोवर बिल्डिंग तरी राहील का?"

याच कलमात संयुक्त दुरुस्तीच्या रकमेवर पंधरा टक्के सरळ व्याजाचीही तरतूद आहे. दीड लाखावर ते वर्षाला साडेबावीस हजार होतं, आणि वसुली सहाशेची. म्हणजे हक्क दरवर्षी वाढत जातो आणि पैसे कधीच मिळत नाहीत. ज्याचं भाडं आजच्या बाजाराचं, त्याला हे कलम कामाचं. ज्याची इमारत सगळ्यात जुनी, त्याचं भाडंही सगळ्यात कमी, आणि म्हणून त्याचा हक्कही सगळ्यात लहान.

मालकाची बाजू

मालकाला शिव्या देऊन लेख संपवता आला असता. पण दादरला एका घरमालकांच्या दिवाणखान्यात बसलो आणि ते सोपं राहिलं नाही. आजोबांनी बांधलेली इमारत, खाली आठ गाळे, वर खोल्या. त्यांनी भाड्याचं पुस्तक समोर टाकलं. "महिन्याची सगळी वसुली एवढी. आता प्लंबरला एक दिवस बोलावून बघा."

या आकड्यांमागे युद्धकाळ आहे. मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ती गोठण पुढे चालू ठेवली आणि तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. टेकूसारखाच. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचं सांगितलं. त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्याने आधीच्या भाड्यात पाच टक्के घातले आणि पुढे दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात साठ-सत्तर रुपये असतील तर चार टक्के कशाचे?

या पोकळीत पागडी वाढली. गाळा घेताना लाखांत रक्कम, नंतर भाडं शेकड्यांत. गाळा पुढच्याच्या नावावर करताना मालकाचा वाटा, बोलीभाषेत 'तेहतीस टक्के'. पूर्वी हे सगळं टेबलाखालून चालायचं. १९९९ च्या कायद्याने या रकमेला मोकळीक दिली. त्यामुळे मालकाची कमाई भाड्यात राहिली नाही, ती हस्तांतरात आणि पुनर्विकासात गेली. दर महिन्याचं छत सांभाळण्यात त्याला काहीच मिळत नाही. मिळतं ते इमारत पडल्यावर किंवा पाडल्यावर.

मालकांची भीतीही खोटी नाही. १९८६ साली म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, इमारत सरकारने संपादित करायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट द्यायचे. भाडं दीडशे असेल तर पंधरा हजार. मालकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या वादातला घटनेचा प्रश्न नऊ न्यायाधीशांपर्यंत पोचला आणि त्याचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ ला लागला: प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती, असं सरसकट म्हणता येणार नाही. एवढा मोठा घटनात्मक वाद, आणि त्याच्या मुळाशी चाळीची गळती.

लाकूड कुठून कुजतं

इमारत पुढून पडत नाही, मागून पडते. हे मला एका गवंड्याने शिकवलं. तीस वर्षं गिरगाव-भुलेश्वरच्या इमारतींत काम केलेला माणूस. रस्त्याकडून नक्षीदार कठडे, रंगवलेले फलक. मागे गेलो तर संडास-मोऱ्यांची उभी रांग, फुटके बिडाचे पाइप आणि भिंतीतून बाहेर आलेला पिंपळ.

"बघा," तो म्हणाला आणि सागवानी तुळईच्या टोकाला पेचकस टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. मधली तुळई ठणठणीत होती. भिंतीत शिरलेलं टोक मात्र वर्षानुवर्षं मोरीचं पाणी पीत आलं होतं. लोखंडी गर्डरचं दुखणं वेगळं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतं आणि फुगताना भोवतालचा चुना, वीट, प्लास्टर ढकलून देतं. म्हणून आधी भेग, मग पोपडा, मग ढलपा. 

गाळेवाल्याची गोची इथे आहे. दुखणं त्याच्या गाळ्यात दिसतं, मूळ मात्र भलत्याच्याच मोरीत किंवा सामाईक पाइपात असतं. आतलं प्लास्टर, रंग, फरशी बदलायला महापालिकेची परवानगी लागत नाही. तुळई बदलायची तर लागते, उपकरप्राप्त इमारतीत दुरुस्ती मंडळाची एनओसीही लागते. आणि मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर तेच त्याला बाहेर काढायचं कारण होऊ शकतं. दुरुस्ती कुठे संपते आणि नवं बांधकाम कुठे सुरू होतं, यावर लघुवाद न्यायालयात पिढ्या खपल्यात.

बोर्ड, ऑडिट आणि सी-वन

मुंबईच्या बेट शहरात मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा आहे: दुरुस्ती मंडळ. १९६९ च्या कायद्यातून ते जन्मलं, पुढे म्हाडात विलीन झालं. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींकडून मालमत्ता करासोबत दुरुस्ती उपकर घ्यायचा आणि त्यातून टेकू, बीम, जिने करायचे, अशी कल्पना. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. लोक त्यांना 'सेस बिल्डिंग' म्हणतात. दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली आहे; वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मंडळ टेकूपाशी येतं आणि तिथेच थांबतं.

दुसरीकडे महापालिका आहे. तिच्या १८८८ च्या कायद्याचं कलम ३५४ धोकादायक बांधकामाबद्दल आहे. स्ट्रक्चरल ऑडिट होतं आणि इमारतीला वर्ग मिळतो. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. काळबादेवीत ही अक्षरं पोरांनाही पाठ आहेत.

आणि इथेच खेळ होतो. एकाच इमारतीचे दोन ऑडिट अहवाल मी पाहिले. मालकाच्या इंजिनिअरने सी-वन म्हटलं होतं, भाडेकरूंच्या इंजिनिअरने सी-टू-बी. तुळई तीच, पेचकस वेगळा. असे अहवाल आपसात जुळत नसतील तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं. बऱ्याच गाळेवाल्यांना हे नोटिशीचा कागद शटरवर चिकटल्यावर कळतं. त्या वेळी वर्गणी काढून इंजिनिअर शोधायला हातात थोडेच दिवस असतात.

पाडण्याची वेळ खरंच आली तर? २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पद्धत घालून दिली. इमारत पाडण्याआधी महापालिकेने कोण कुठे आहे आणि प्रत्येकाच्या ताब्यात किती चटई क्षेत्र आहे याची मोजणी करून नोंद करायची. इमारत पाडल्याने भाडेकरूचे हक्क संपत नाहीत. ही मोजणी म्हणजे गाळेवाल्याचं पुढचं आयुष्य. पोटमाळा मोजला का, पायरीवरची फळी कुणाच्या हिशेबात धरली, यासाठी लोक भर पावसात टेप धरून उभे राहतात.

वॉटसनचा सांगाडा

काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन आहे, मूळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे भाग आणून इथे जोडलेली इमारत, आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं मुंबईने इथेच पहिल्यांदा पाहिली. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात हॉटेल बंद झालं आणि त्याच्या खोल्यांचे तुकडे पडून भाड्याने गेले. कोर्ट शेजारीच, म्हणून वकिलांच्या कचेऱ्या; खाली दुकानं. म्हणजे शहरातले सगळ्यात कायदा जाणणारे भाडेकरू सगळ्यात प्रसिद्ध पडक्या इमारतीत बसले होते. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. जागतिक स्मारक निधीने २००६ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिला घेतलं. २०१९ साली ती रिकामी झाली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी ती वाचण्यापलीकडे गेल्याचं म्हटलं, वारसा जपणाऱ्यांनी ती वाचेल म्हटलं.

मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. त्या सज्जाखालून रोज कोर्टात जाणाऱ्यांना कलम १४ माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कलम माहीत असणं आणि शंभर जणांनी एकत्र येऊन एका सज्जाची वर्गणी काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुण्यातला वाडा

पुण्यात दुरुस्ती मंडळ नाही, सेस नाही. पेठेतल्या एका वाड्याच्या रस्त्याकडच्या खणांत पाच दुकानं होती: घड्याळं, शिलाई मशिनचे सुटे भाग, एक सुपारीवाला, असं काहीबाही. आत चौकात मालक स्वतः राहत होते. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते, मालकालाही आणि भाडेकरूलाही. इथे महापालिका कायदा १९४९ चा, कलम २६४.

घड्याळवाले म्हणाले, "आमचे मालक वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावरही हेच माळवद आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बिल्डर रोज चहाला येतो." दोन्ही खरं होतं. वाडा पडला की दुकान संपलं, ही पेठेतली जुनी समजूत. कुणी ती मुद्दाम पसरवतं, कुणी खरी मानतं.

ती समजूत आता टिकत नाही. महाराष्ट्रातल्याच एका इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१४ साली सांगितलं की इमारत पडली, अगदी महापालिकेने पाडली, तरी केवळ त्यामुळे भाडेकरार संपत नाही. भाडेकरूचा हक्क फक्त भिंतींवर नसतो, भिंती ज्या जमिनीवर उभ्या होत्या तिच्यावरही असतो. हे सांगितल्यावर घड्याळवाल्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "म्हणजे पडला तरी मी आहे?" मी म्हटलं, "आहात. पण तुम्ही होतात हे सिद्ध करावं लागेल."

वकीलबाईंचं टेबल

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाजवळ एका वकीलबाईंकडे दोन दुपारी बसलो. त्यांच्याकडे येणारे गाळेवाले बहुधा एकच चूक करून आलेले असतात, असं त्या म्हणाल्या: रागाने भाडं बंद केलेलं असतं. छत गळतं म्हणून भाडं थांबवलं की मालकाच्या हातात थकबाकीचा दावा आयता येतो. "भाडं देत राहा. मुनीम घेत नसेल तर बँकेतून पाठवा, पत्र लिहा." थकबाकीच्या मागणीची नोटीस आल्यापासून नव्वद दिवस मिळतात. दावा लागला तरी समन्सनंतर नव्वद दिवसांत व्याजासह रक्कम कोर्टात भरून जागा वाचवता येते. आणि भाड्याची लेखी पावती न देणं हा मालकाचा गुन्हा आहे, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

दुसरी चूक शटर पाडून गावी जाण्याची. वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर तेही ताबा मागायचं कारण आहे. म्हणून टेकूंच्या जंगलात रोज तासभर उघडी असणारी दुकानं दिसतात. गिऱ्हाईक नसतं, पण दिवा लावलेला असतो.

त्यांनी मला करारही वाचायला शिकवलं. पागडीच्या जुन्या कागदांत 'आतील व बाहेरील दुरुस्ती भाडेकरूने करावी' अशी ओळ दडलेली असेल तर कलम १४ चा आधार ढिला पडतो. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना आणि बँकांना हा भाडे कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यातही मालकाने करायची दुरुस्ती टाळली तर स्वतः करून भाड्यातून कापता येते. आणि नव्या इमारतीतले पोरगेलेसे दुकानदार बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स'वर असतात. ते भाडेकरू नव्हेतच, त्यांना करारात लिहिलंय तेवढंच. स्लॅब कुणाचा, गळती कुणाची, दुकान बंद पडलं तर त्या दिवसांचं शुल्क माफ का, हे सहीच्या आधी लिहून घ्यायचं.

पुनर्विकासाबद्दल त्या एकच म्हणाल्या: "क्षेत्रफळ नियमात मिळतं, रस्ता मिळत नाही." जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात गाळेवाल्याला त्याच्या जुन्या क्षेत्राइतकी जागा मिळते. पण तळमजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर गेला, तर ते दुकान राहत नाही, गोदाम होतं. तोंड कुठे, मजला कोणता, बांधकाम चालू असताना धंदा कुठे करायचा, हे करारात नसेल तर कुठेच नसतं.

म्हाडा कायद्यात अलीकडे आणखी एक वाट झाली. २०२० च्या दुरुस्तीला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तेही जमलं नाही तर मंडळ. कागदावर ही वाट सरळ आहे. पण संस्था काढायची म्हणजे तीन मजल्यांवरच्या, खालच्या आणि वरच्या, राहणाऱ्या आणि धंदा करणाऱ्या लोकांनी एका ठिकाणी सही करायची. वरच्यांना बेडरूम हवी असते, खालच्यांना रस्ता.

न विकायची वही

सप्टेंबरात पुन्हा काळबादेवीला गेलो. टेकू आठ झाले होते. काकांनी गल्ल्याखालून एक लांब वही काढली, त्यांच्याच दुकानातली, लाल बांधणीची. माझ्या पहिल्या भेटीनंतर त्यांनी ती सुरू केली होती. डाव्या पानावर तारीख आणि काय पडलं ते: 'मागील कोपरा, प्लास्टर, अंदाजे दोन घमेली.' उजव्या पानावर कुणाला कळवलं आणि पोच कोणती. पहिल्या पानाला चिकटवलेली पाकिटं होती. वडिलांच्या काळापासूनच्या भाडेपावत्या, एक जुना मोजणीचा नकाशा, पंधरा दिवसांच्या नोटिशीची पोच. नोटिशीखाली वरच्या मजल्यावरच्या दोघांच्याही सह्या होत्या. गेल्या बारा वर्षांत त्या दोघांशी त्यांचं बोलणं नव्हतं.

"दीड लाख मिळणार नाहीत, ते कळलं," काका म्हणाले. "पण उद्या मोजायला कुणी आलं तर मी कुठे बसायचो, ते यात आहे."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक टेकूला वळसा घालून आत आलं आणि त्याच वहीकडे बोट दाखवून म्हणालं, ही केवढ्याला?

काकांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, दुकानातल्या एकुलत्या कोरड्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली, आणि त्याच्यासारखीच दुसरी वही फळीवरून काढून दिली.